जुन्या स्पोर्ट्स कारची बॅटरी: बदलायची कशी आणि जखडायची कशी

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, दाराखालचा गंज शोधतो, खाली वाकून चेसिस बघतो. बॅटरी कुठे आहे हे तो बहुधा विचारत नाही. विचारलं तर उत्तर ऐकून चकित होतो. एखाद्या गाडीत ती सीटच्या मागे पत्र्याच्या झाकणाखाली असते, एखादीत डिकीच्या कोपऱ्यात, आणि काही गाड्यांत तर एकाऐवजी दोन. मग एक दिवस गाडी सेल्फ घेत नाही. नवी बॅटरी आणली जाते, ती मूळ जागेत नीट बसत नाही, जुना क्लॅम्प तिच्यावर अडकत नाही, आणि एखादा रबरी पट्टा ताणून ती तात्पुरती बांधली जाते. ही तात्पुरती सोय पुढे कित्येक वर्षं तशीच राहते.

बॅटरी किती ताकदीची घ्यावी याबद्दल मालक तासन्‌तास बोलतात. ती गाडीला कशी जखडली आहे याबद्दल फार कमी बोललं जातं. माझ्या मते दुसरा प्रश्न आधी सोडवायला हवा. चुकीच्या ताकदीच्या बॅटरीने फार तर गाडी सुरू होणार नाही. सुटी बॅटरी मात्र गाडी पेटवू शकते आणि आत बसलेल्याला जखमी करू शकते.

आधी थोडं आतलं

शिसे आणि आम्लाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. तत्त्व आजही तेच आहे. खोक्याच्या आत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटी पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात उभ्या असतात. एका कप्प्यातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात, म्हणून पूर्ण चार्ज झालेली, काही तास शांत ठेवलेली बॅटरी मीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. आकडा १२.२ वर आला की साधारण निम्मा साठा संपलेला असतो. १२ व्होल्ट वाचून ‘बरोबर आहे की’ म्हणणाऱ्याची बॅटरी खरं तर बरीचशी उतरलेली असते.

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात. अँपिअर-तास म्हणजे एकूण साठा: ४० अँपिअर-तासांची बॅटरी दोन अँपिअरचा दिवा साधारण वीस तास जाळेल. दुसरा आकडा कोल्ड क्रँकिंगचा, म्हणजे कडाक्याच्या थंडीत एका दमात किती करंट देता येतो त्याचा. अमेरिकी पद्धतीत ही चाचणी उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद चालते आणि तेवढ्या वेळात व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नसतं. स्टार्टर फिरताना शे-दोनशे अँपिअर सहज ओढतो, पण अगदी थोडा वेळ. त्यामुळे गाडी सुरू करायला दुसरा आकडा कामाचा, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर पहिला.

जुन्या स्पोर्ट्स कार बहुतेक वेळ उभ्याच असतात, आणि बॅटरीचा खरा घात तिथेच होतो. डिस्चार्ज होताना प्लेटींवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण जमतात. लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतात. बॅटरी तशीच उतरलेली राहिली, तर ओलसर साखरेचे डब्यात जसे दगडासारखे खडे होतात तसे हे कण वाढून घट्ट होतात, आणि मग चार्जरला ते फुटत नाहीत. नुसत्या घड्याळाने आणि अलार्मने मिळून ५० मिलिअँपिअर घेतले, तरी रोजचे १.२ अँपिअर-तास जातात. ४० अँपिअर-तासांची बॅटरी सतरा दिवसांत निम्म्यावर येते. त्यात बॅटरी आपोआपही थोडी उतरत असते, आणि उन्हाळ्यात तर जास्तच.

बॅटरी अशा अडचणीच्या जागी का ठेवली?

कारण वजन. बॅटरी बारा ते अठरा किलोंची असते, आणि हलक्या गाडीत एवढं वजन कुठे आहे याने गाडीचं वळणावरचं वागणं बदलतं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण पोर्शे ९११ चं. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. शेपूट जड असल्याने नाक हलकं राहायचं. १९६९ सालच्या मॉडेलपासून पोर्शेने एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या घेतल्या आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत, दिव्यांच्या मागे, एकेक बसवली. १९७३ पर्यंत ही रचना राहिली.

एमजी कंपनीच्या एमजीबी या ब्रिटिश गाडीत कारण वेगळं होतं. १९६२ मध्ये आलेल्या या गाडीत सीटमागच्या फळीखाली, मागच्या ॲक्सलच्या थोडं पुढे, दोन वेगवेगळ्या कप्प्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. मधून कार्डन शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, जातो, त्यामुळे एक मोठी बॅटरी सहज मावणारी जागाच नव्हती. १९७० च्या दशकाच्या मध्यावर एमजीने एकच १२ व्होल्टची बॅटरी द्यायला सुरुवात केली. १९६८ ते १९८२ या काळातल्या शेव्हरोले कॉर्व्हेटचीही बॅटरी सीटच्या मागे. लोटस एलानची डिकीत. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ चीही डिकीत.

यातल्या बहुतेक जागा वजनाच्या दृष्टीने विचारपूर्वक निवडलेल्या आहेत. पण त्यांचा दुसरा अर्थ असा की बॅटरी आणि माणूस एकाच खोलीत आले, किंवा बॅटरी आणि पेट्रोलची टाकी शेजारी आल्या. इंजिनाजवळच्या बॅटरीला जे चालून जातं ते इथे चालत नाही.

सुटी बॅटरी नेमकं काय करते

चार गोष्टी करते. त्यातली शेवटची सगळ्यांना सुचते, पहिल्या तीन रोज घडत असतात.

एक, ती स्वतः लवकर मरते. खड्ड्यांतून आदळताना प्लेटींवरचा लगदा सुटतो आणि तळाशी साचतो. साचून साचून त्याचा थर प्लेटींना टेकला की तो कप्पा आतल्या आत शॉर्ट होतो. जुन्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन कडक, त्यामुळे हादरे जास्त. ‘या कंपनीची बॅटरी टिकत नाही’ अशी तक्रार करण्याआधी ती हाताने हलवून बघा. हलत असेल, तर कंपनी बदलून काही फरक पडणार नाही.

दोन, साध्या बॅटरीतलं आम्ल हिंदकळून झाकणांतून बाहेर येतं. ट्रेवर पडतं, रंग उचलतं, आणि पत्रा खाली पोखरतो. एमजीबीचे बॅटरीचे कप्पे याच कारणाने सडतात: वरून आम्ल, खालून रस्त्यावरचं पाणी. डॅटसन २४०झेड विकत घेणाऱ्यांना बॅटरीचा ट्रे आणि त्याखालचा चेसिसचा भाग आधी बघा असं सांगितलं जातं, ते यासाठीच.

तीन, शॉर्ट सर्किट. बॅटरी चार बोटं सरकली आणि तिचं जिवंत टर्मिनल, म्हणजे गाडीच्या बॉडीला न जोडलेलं, बॉनेटला, झाकणाला किंवा क्लॅम्पच्या लोखंडी पट्टीला टेकलं, की शेकडो अँपिअरचा करंट पत्र्यातून धावतो. बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड वायरवर या गाड्यांत सहसा फ्यूज नसतो, कारण स्टार्टरला लागणारा करंटच प्रचंड असतो. त्यामुळे मधे तोडणारं काहीच नाही. वायरचं आवरण वितळतं, आणि त्या वायरशेजारी अनेकदा पेट्रोलचा पाइप असतो.

चार, अपघात. जोरात ब्रेक लावल्यावर पंधरा किलोंची बॅटरी पुढच्या दिशेने साधारण स्वतःच्या वजनाइतक्या जोराने ढकलली जाते. तेवढं रबरी पट्टा सांभाळतो, आणि म्हणूनच मालकाला वाटतं की सगळं ठीक आहे. धडकेत हाच जोर गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट होऊ शकतो: १५ गुणिले २०, म्हणजे ३०० किलोंचा धक्का. सीटच्या मागे असलेली बॅटरी त्या क्षणी कुठे जाईल, हे सांगायला नको. गाडी उलटली तर आम्लही वरून येतं.

मग किती घट्ट म्हणजे घट्ट?

मोटारस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए हिचे नियम इथे फार उपयोगी पडतात. शर्यत करायची नसली तरी ते वाचावेत, कारण ते अपघातांतून शिकून लिहिलेले आहेत. त्यांच्या सुरक्षा नियमांत असं आहे: बॅटरी धातूच्या बैठकीवर ठेवायची, तिच्यावरून विद्युतरोधक आवरण असलेले दोन धातूचे क्लॅम्प घ्यायचे, आणि ते नटबोल्टने गाडीच्या तळाला जोडायचे. बोल्ट किमान १० मिलिमीटर जाडीचे. आणि प्रत्येक बोल्टखाली, पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला, किमान ३ मिलिमीटर जाड आणि २० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाची प्लेट.

माझ्या दृष्टीने यातला सर्वांत मोलाचा भाग ती प्लेट आहे. बोल्ट तुटत नाही. बोल्ट पत्रा फाडून वर येतो. जुन्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा, त्यातही गंजाने पातळ झालेला. नुसत्या वॉशरवर तीनशे किलो आले तर तो त्यातून आरपार निघेल. प्लेट तोच जोर मोठ्या भागावर पसरवते. ट्रे गंजलेला असेल तर आधी तो कापून नवा वेल्ड करून घ्या. सडक्या ट्रेवर कितीही मजबूत क्लॅम्प लावला, तरी त्याची ताकद ट्रेइतकीच राहते.

रस्त्यावरच्या गाडीत मूळ पद्धत सुस्थितीत असेल तर ती पुरते. जुन्या गाड्यांत सहसा बॅटरीच्या डोक्यावरून एक पट्टी किंवा चौकट जाते आणि दोन लांब हुकबोल्ट ती ट्रेला खेचून धरतात. नंतरच्या गाड्यांत बॅटरीच्या पायाला कड असते आणि एक पाचर ती कड दाबून धरते. गोंधळ होतो तो इथे. वरून धरणाऱ्या गाडीत पायाला कड असलेली बॅटरी बहुतेक वेळा चालते, फक्त उंची जमली पाहिजे. पायाला धरणाऱ्या गाडीत कड नसलेली बॅटरी आणली, तर पाचरीला पकडायला काहीच उरत नाही. दुकानात जाताना व्होल्ट आणि अँपिअरसोबत लांबी, रुंदी, उंची, पायाची कड आणि प्लस टर्मिनल कुठल्या बाजूला आहे, हे पाचही लिहून न्या.

उंचीबद्दल जास्त काटेकोर राहा. बॉनेट किंवा झाकण बंद केल्यावर टर्मिनल आणि पत्रा यांत किती अंतर उरतं ते मोजायचा सोपा मार्ग आहे: टर्मिनलवर मऊ मातीचा गोळा ठेवा, झाकण हळूच बंद करा, उघडा आणि गोळ्याची उरलेली जाडी बघा. हे बॅटरी जोडण्याआधी करायचं. अंतर दोन बोटांपेक्षा कमी असेल तर झाकणाच्या आतून जाड रबर चिकटवा आणि जिवंत टर्मिनलवर टोपी घाला. रबर हा दुसरा बचाव आहे. पहिला म्हणजे योग्य उंचीची बॅटरी.

क्लॅम्प आवळताना अतिरेकही नको. प्लॅस्टिकचं खोकं दबलं तर तडकतं. दोन्ही हातांनी बॅटरी धरून सगळ्या दिशांना जोर लावा. गाडी हलली पाहिजे, बॅटरी हलता कामा नये, आणि खोक्याची बाजू आत गेलेली दिसता कामा नये.

फायबरग्लास बॉडी असलेल्या गाड्यांत एक वेगळी काळजी लागते. फायबरग्लास वीज वाहून नेत नाही, त्यामुळे अर्थची वायर, म्हणजे बॅटरीचं एक टर्मिनल गाडीच्या धातूला जोडणारी, बॉडीला कुठेही जोडून भागत नाही. ती चेसिसपर्यंत किंवा इंजिनापर्यंत न्यावी लागते. आणि बोल्टखालची प्लेट इथे पत्र्याच्या गाडीपेक्षाही मोठी हवी, कारण एका बिंदूवर जोर आला की फायबरग्लासला तडे जातात.

वायू बाहेर गेला पाहिजे

चार्ज होताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, बॅटरीतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्के झालं की एका ठिणगीने तो पेटतो. इंजिनाजवळ हा वायू उडून जातो. सीटमागच्या कप्प्यात किंवा बंद डिकीत तो साचतो. म्हणून अशा जागी दोनच पर्याय योग्य: एकतर वायूची नळी जोडायची सोय असलेली बॅटरी, आणि ती नळी खरोखर गाडीबाहेर काढलेली, किंवा एजीएम बॅटरी. एजीएम म्हणजे जिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, ते हिंदकळत नाही आणि बॅटरी तिरकी झाली तरी सांडत नाही. तीही फार जास्त व्होल्टेजने चार्ज झाली तर झडपेतून वायू सोडते, त्यामुळे नळीची सोय असेल तर तिलाही जोडावी.

माझदा एमएक्स-५ मध्ये कारखान्यातून बंद पद्धतीची बॅटरी आणि वायूच्या नळ्या दोन्ही होत्या. नंतरच्या मालकाने साधी बॅटरी ठेवली आणि नळ्या लोंबत्या सोडल्या, की आम्लाची वाफ डिकीतला पत्रा खायला लागते.

आधी कुठलं टर्मिनल काढायचं?

‘आधी मायनस काढा’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो घातक ठरू शकतो. खरा नियम असा: जे टर्मिनल बॉडीला जोडलेलं आहे, म्हणजे अर्थ, ते आधी काढा आणि सगळ्यांत शेवटी लावा.

कारण सरळ आहे. तुमच्या हातात लोखंडी पाना आहे आणि भोवती सगळा पत्रा. अर्थच्या टर्मिनलचा नट सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. दोन्ही एकाच बाजूचे आहेत. एकदा अर्थ सुटला की सर्किट तुटलं, मग दुसरं टर्मिनल निर्धास्त काढता येतं. उलट क्रमाने केलं आणि पाना टेकला, तर पाना लाल होईपर्यंत करंट वाहतो. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. ते बोटावर किंवा मनगटावर असताना तापलं तर भाजणं फार खोलवर असतं.

आता ब्रिटिश गाड्यांकडे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यातल्या बऱ्याच गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेलं असायचं. ३.८ लिटरची जॅग्वार ई-टाइप पॉझिटिव्ह अर्थची. १९६४ मध्ये आलेली ४.२ लिटरची निगेटिव्ह अर्थची. एमजीबी १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क टू पर्यंत पॉझिटिव्ह अर्थची. मधल्या काळात कुणी वायरिंग बदललंही असेल. म्हणून पुस्तकावर किंवा सालावर विसंबू नका; जाड वायरीचा माग काढा. जी बॉडीला बोल्टने जोडली आहे ती अर्थ, आणि ती कुठल्या टर्मिनलवर येते ते खोक्यावरच्या खुणेवरून वाचा.

उलटी बॅटरी लावली तर काय? स्टार्टर त्याच दिशेने फिरेल, दिवे लागतील, म्हणून सुरुवातीला शंकाही येणार नाही. पण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, त्यातले डायोड तत्काळ जळतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा रेडिओही वाचत नाही. प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो, आणि वायरीचे क्लॅम्पही त्याच मापाचे असतात. क्लॅम्प खांबावर बसत नाही म्हणून ठोकून बसवायची वेळ आली, तर हात थांबवा आणि खुणा पुन्हा वाचा.

दोन बॅटऱ्यांच्या गाड्यांत आणखी एक बारकावा. एमजीबीच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, म्हणून कुठलाही एक दुवा काढला की सगळा पुरवठा बंद. पोर्शे ९११ च्या दोन समांतर जोडलेल्या. एक सोडवली तरी दुसरी चालूच. दोन्ही सुटल्याशिवाय वायरिंगला हात लावायचा नाही. नव्या बॅटऱ्या दोन्ही गाड्यांत जोडीनेच घ्या, कारण जुनी आणि नवी एकत्र जोडली की नवी जुनीच्या पातळीवर येते.

बदलण्याचं काम

इंजिन बंद, किल्ली बाहेर, दार उघडं ठेवून हवा खेळती. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे. जुन्या जोडणीचा फोटो काढून ठेवा. अर्थ आधी, मग जिवंत टर्मिनल, मग क्लॅम्प. बॅटरी उचलताना पाठ सांभाळा. सीटमागे वाकून पंधरा किलो उचलणं हे या कामातलं सर्वांत अवघड पाऊल आहे, आणि दोघांनी केलेलं बरं.

रिकाम्या जागेवर वेळ द्या, घाई इथेच करू नका. पांढरी-हिरवी पूड दिसत असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता. फेस थांबेपर्यंत आम्ल शिल्लक आहे. सोडा बॅटरीच्या कप्प्यांत जाऊ द्यायचा नाही. नंतर स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, गंज खरवडा, प्रायमर आणि आम्लाला टिकणारा रंग लावा. वायरीची टोकं आतून चकचकीत होईपर्यंत घासा. अर्थची वायर बॉडीला जिथे जोडली आहे ते टोकही काढून घासा. स्टार्टर मंद फिरतो म्हणून बॅटऱ्या बदलणाऱ्या अनेकांचा दोष त्या एका गंजलेल्या बोल्टखाली असतो. सेल्फ मारताना मीटरची एक टोच मायनस खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या धातूवर धरा (पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत प्लस खांबावर); ०.२ व्होल्टपेक्षा फारसं जास्त दिसलं, तर अर्थच्या वाटेत अडथळा आहे.

मग नवी बॅटरी ठेवा, आधी क्लॅम्प आवळा, मग जिवंत टर्मिनल, शेवटी अर्थ. जोडणी झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. त्वचेवर आम्ल उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं धुवत राहा आणि डॉक्टर गाठा.

नेहमी घेतल्या जाणाऱ्या हरकती

*मोठी बॅटरी लावली तर डायनॅमो जळेल का?* डायनॅमो म्हणजे जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी असलेलं यंत्र. नुसत्या मोठ्या साठ्याने काही बिघडत नाही. अडचण येते ती पूर्ण उतरलेली बॅटरी गाडीवरच चार्ज करायला ठेवली तर. ब्रिटिश गाड्यांत सर्रास असलेला ल्यूकस सी४० डायनॅमो २२ अँपिअरचा. त्यातून दिवे, इग्निशन आणि भुकेली बॅटरी असं सगळं भागवायचं म्हणजे तो तासभर पूर्ण ताणाखाली चालणार. आधी घरच्या चार्जरवर बॅटरी भरा, मग गाडीत ठेवा.

*महिन्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, ते पुरतं ना?* पुरत नाही, उलट नुकसान करतं. डायनॅमो मंद फिरत असताना जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे सेल्फ मारताना गेलेला साठाही भरून निघत नाही. शिवाय इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. त्यापेक्षा भरत आल्यावर आपोआप व्होल्टेज कमी करणारा लहान चार्जर जोडून ठेवा, किंवा अर्थच्या बाजूला कट-ऑफ स्विच बसवा. इंजिन चालू असताना मात्र हा साधा स्विच फिरवायचा नाही. अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं.

*लिथियम का नको?* वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं, हे आकर्षण खरं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार कप्पे १२.८ व्होल्टची बॅटरी बनवतात. पण तिला चार्जिंगचं व्होल्टेज काटेकोर लागतं, साधारण १४.६ च्या वर जाऊन चालत नाही, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा, हलत्या पट्टीचा जुना रेग्युलेटर एवढा काटेकोर नसतो. अल्टरनेटर आणि आधुनिक रेग्युलेटर असलेल्या, सर्किटवर पळणाऱ्या गाडीला लिथियम शोभते. डायनॅमोच्या गाडीत मी एजीएमच घेईन. हलकी झाली म्हणून लिथियमची जखडणी ढिली चालते असंही नाही. शॉर्ट झाली तर तीही तेवढाच करंट देते.

*अशाने गाडीचा मूळपणा जातो.* ही हरकत मला समजते, आणि तिच्यावर उपाय आहे. जुन्या काळ्या रबरी खोक्यासारख्या दिसणाऱ्या, आत एजीएम असलेल्या बॅटऱ्या मिळतात. बोल्टखालच्या प्लेटी गाडीखालून लावायच्या असतात, त्या प्रदर्शनात कुणाला दिसत नाहीत. मूळ क्लॅम्प जपून ठेवा, पण तो वाकलेला असेल तर रस्त्यावर जाताना त्याच मापाचा नवा वापरा.

*हे सगळं गॅरेजवाला करेल की.* जरूर करू द्या. गाडी परत घेताना मात्र पैसे देण्याआधी झाकण उघडायला सांगा. बॅटरी दोन्ही हातांनी धरून हलवा. जिवंत टर्मिनलवर टोपी आहे का आणि वायूची नळी पत्र्याबाहेर पोचली आहे का ते डोळ्यांनी बघा. इंजिन थोडं वाढवून मीटर लावा. अल्टरनेटरच्या गाडीत १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा यायला हवा. जुनी बॅटरी त्यांनी कुठे ठेवली तेही विचारा. तिच्यातलं शिसं पुन्हा वापरता येतं आणि आम्ल उघड्यावर सोडता येत नाही, म्हणून ती पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर क्लॅम्पचे बोल्ट आणि टर्मिनलचे नट पुन्हा एकदा पाना लावून तपासा. नवं रबर आणि नवा रंग दबतात, आणि बोल्ट पाव-अर्धा आटा ढिला झालेला सापडतो.